३१ मे की ३० जून?

शिक्षण विभागात आस्थापनेचं टेबल माझ्याकडे आलं, ते 2023 चा पावसाळा होता. पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या शिक्षकांची यादी करायची होती. सेवापुस्तकं उघडत गेले आणि जन्मतारखेच्या रकान्यात 1 जून, 1 जून, 1 जून. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना तारीख आठवायची नाही, मग हेडमास्तर वय पुरेल असं वर्ष धरून 1 जून लिहून टाकायचे.

यादी लागली आणि दुसऱ्याच दिवशी एक गुरुजी आले. जन्म 1 जून 1966. यादीत नाव 31 मे 2024 ला. "ताई, एक महिना चुकलाय. जूनमध्ये अठ्ठावन्न पूर्ण होतात, म्हणजे 30 जूनला रिटायर." त्यांनी मोबाइलवर वय काढून आणलं होतं. 31 मे 2024 रोजी 57 वर्षं 11 महिने 30 दिवस. एक दिवस कमी!

मी क्षणभर गडबडले. वजाबाकी बरोबरच होती. 31 मधून 1 गेला, 30 दिवस. 5 मधून 6 जात नाहीत, वर्ष उसनं घेतलं, 17 मधून 6, 11 महिने. 2023 मधून 1966, 57 वर्षं. पण अशा वजाबाकीत जन्माचा दिवस मोजला जात नाही. नोकरीच्या हिशेबात तो पहिला दिवस म्हणून पूर्ण धरतात. तो मिळवला की 31 दिवस, म्हणजे अख्खा मे, आणि अठ्ठावन्न वर्षं 31 मे रोजीच भरतात. ज्या महिन्यात वय भरतं त्या महिन्याचा शेवटचा दिवस तोच निवृत्तीचा. 2 जूनला जन्मलेला माणूस मात्र 30 जूनपर्यंत राहतो. एका दिवसाने महिन्याचा पगार जातो, हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं.

गुरुजींचं दुःख पगाराचं नव्हतंच. "जूनमध्ये शाळा उघडते. पहिलीची पोरं शेवटची एकदा दाखल करून घ्यायची होती."

मग म्हणाले, "आई सांगायची, तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालास." मी 1966 चा पोळा शोधला. त्या वर्षी अधिक श्रावण आलेला, म्हणून पोळा थेट सप्टेंबरच्या मध्यावर, 14 ला. 15 सप्टेंबर धरून मांडलं, तर 31 मे 2024 ला त्यांचं खरं वय 57 वर्षं 8 महिने 17 दिवस, जन्मदिवस धरून. अठ्ठावन्न सप्टेंबरमध्ये भरली असती, निवृत्ती 30 सप्टेंबरला; चार महिन्यांची नोकरी त्या एका नोंदीत गेली होती. पण जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो, आणि ती मुदत केव्हाच संपलेली.

ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. "मीही लिहिलंय हो," म्हणाले. "वस्तीवरच्या कितीतरी पोरांना. आया नुसतं सांगायच्या, ज्वारी काढायच्या वेळी झाला. तेवढ्यावरून महिना तरी काढता आला असता मला."

उठताना त्यांनी माझ्याकडून ती उसन्याची वजाबाकी मोठ्या अक्षरांत नव्याने मांडून घेतली, सातवीच्या वर्गात दाखवायला. जन्माचा दिवस मिळवायची ओळ मी लाल पेनाने लिहिली.