चित्र नव्हे, लिहिलेला पिठोरा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या हॉलमध्ये राठवा आदिवासींच्या पिठोऱ्याचं, म्हणजे घराच्या भिंतीवरच्या घोड्यांच्या चित्रांचं, प्रदर्शन भरवायचं आणि सोबत छोटी फिल्म दाखवायची असं ठरलं, तेव्हा काम सोपं वाटलं होतं. ज्योती भट्टांनी १९६७पासून टिपलेले लोककलेचे फोटो आम्हा बडोदेकरांच्या नजरेत बसलेले. मी एका दुकानातून तीन कॅनव्हास आणले आणि खाली पाट्याही छापल्या : ‘आदिवासी चित्रकला, कलाकार अज्ञात’.

त्या पाट्या घेऊनच छोटा उदेपूरकडे एका लखाऱ्याच्या, म्हणजे पिठोरा लिहिणाऱ्याच्या, घरी गेले. त्यांनी त्या वाचून घेतल्या आणि म्हणाले, “बेन, अमे चीतरता नथी, लखीए छीए.” म्हणजे आम्ही चितारत नाही, लिहितो.

मग ओसरीवर बसून सगळं समजावलं. नवस असतो, तो फेडायला पिठोरा लिहायचा. कुमारिका शेणामातीने भिंत सारवतात, वर पांढऱ्या मातीचा हात देतात. रंग कालवायचे ते दुधात आणि महुड्याच्या, म्हणजे मोहाच्या, दारूत. लिहून झालं की बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, एकेक घोडा वाचतो. काही राहिलं असेल तर तिथल्या तिथे भरायला लावतो. त्याने वाचल्याशिवाय काम पुरं नाही. कॅनव्हासवर ते स्वतःही काढतात, विकतात. पण त्याला पिठोरा म्हणत नाहीत.

दुकानदाराकडून लखाऱ्यांची नावं मिळवायला तीन आठवडे गेले. नव्या पाटीवर नाव, गाव आणि ‘विक्रीसाठी केलेलं काम’ असं लिहिलं.

फिल्मचं जास्त अवघड गेलं. बडव्याच्या अंगात येतं तो भाग आम्ही घरमालकाला विचारून टिपला होता, बडव्याला मात्र विचारलंच नव्हतं. ही चूक माझी. कच्ची फिल्म गावात नेऊन लॅपटॉपवर दाखवली. बडव्याने तो भाग काढायला सांगितला. ढोल राहू दे म्हणाले. आमच्यातले काही नाराज झाले, फिल्मचा जीवच गेला म्हणाले. मी ऐकलं नाही. पडदा काळा ठेवून नुसता ढोल ठेवला. बायकांची तक्रार वेगळीच होती : मुली भिंत सारवतात ते इतकंसंच का? आम्ही ते ‘तयारी’ म्हणून कापलं होतं. पूर्ण तीन मिनिटं परत घातली.

उद्घाटनाला ते लखारा आले, कॅनव्हासवर बोट ठेवून काय कुठे ते सांगत होते. आमच्याकडच्या एक आजी खुर्ची ओढून जवळ बसल्या. म्हणाल्या, “चैत्रांगणात माझ्याकडून गोपद्मं राहिली, तर सासूबाई अश्शाच बोट ठेवून दाखवायच्या.” मी ते गुजरातीत सांगितलं. लखाऱ्यांनी विचारलं, “पछी भरावता?”

आजी म्हणाल्या, “हो तर. भरल्याशिवाय उठू देत नसत.”