पाळीबदलाची वीस मिनिटं

नोव्हेंबर 2020, सोमवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. पॅकिंग लाइनवरचा एक ऑपरेटर आला नव्हता. त्याचा कोविडचा अहवाल पॉझिटिव्ह निघाला होता.

कागदावर आमची व्यवस्था चोख होती. कामगारांचे अ आणि ब असे दोन गट. अ गट तीनला बाहेर, ब गट साडेतीनला आत, मधला अर्धा तास लाइन रिकामी. एका गटात लागण झाली तरी दुसरा गट कारखाना चालवेल, एवढाच हिशेब. प्रत्यक्षात दुपारपर्यंत अ मधल्या सहा जणांना घरी पाठवलं आणि ब मधल्या चौघांना 'येऊ नका' असे फोन गेले.

निकटसंपर्काची, म्हणजे बाधिताच्या जवळ आलेल्यांची, यादी तेव्हा लक्षणं सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून करायची असे. चाचणीच्या तारखेपासून मोजण्याची चूक सर्रास व्हायची. ऑपरेटर आधी म्हणाला, "शनिवारी ताप आला." त्या हिशेबाने यादीत तिघेच बसत होते. एकाही दिवसाचा पगार कापला जाणार नाही असं सांगितल्यावर तोच म्हणाला, "साहेब, कणकण गुरुवारपासूनच होती." म्हणजे मोजणी मंगळवारपासून.

गेटवर टेम्परेचर गन होतीच की! पण पॅरासिटामॉल घेऊन आलेल्याला ती पकडत नाही, आणि गार वाऱ्यातून आलेल्या कपाळाचा आकडा ती कमीच दाखवते. त्याने गोळी का घेतली, तर महिन्यात एकही खाडा नसेल तरच हजेरी भत्ता मिळायचा. ती अट आमचीच.

मग ब गटातले चौघे कुठून आले? अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण केंद्राने) 21 ऑक्टोबरला निकटसंपर्काची व्याख्या बदलली होती: सहा फुटांच्या आत, चोवीस तासांत एकूण पंधरा मिनिटं, सलग असायलाच हवीत असं नाही. ब गटाची काही माणसं तीनच्या आधीच आत येत होती. मशिनचं सेटिंग समजून घ्यायला सहा मिनिटं, रिजेक्शनच्या (खराब मालाच्या) रजिस्टरला पाच-सहा, सही आणि किल्ल्यांना पाच. जुन्या व्याख्येत यातलं काहीच मोजलं गेलं नसतं. लवकर येण्यामागे बेफिकिरी नव्हती, उलटच होतं: सेटिंग न समजता मशिन हाती घेतलं की सुरुवातीचा खराब माल ब च्या नावावर पडायचा.

मग हजेरी भत्त्याची अट स्थगित केली. पहिले तीन दिवस डॉक्टरच्या दाखल्याविना भरपगारी रजा. सेटिंगचे आकडे मशिनवरच्या फळ्यावर, रजिस्टरचा फोटो फोनवर, आणि पहिल्या वीस मिनिटांचं रिजेक्शन कुणाच्याच नावावर नाही. माझ्या मते यातला शेवटचा बदल सर्वात कामाचा ठरला; त्यानंतर लवकर येणं आपोआप थांबलं.

आमची जुनी पाहणीही तेव्हाच रद्द केली. 'आजारी असताना कामावर आलात का?' या प्रश्नाला सगळ्यांनी 'नाही' लिहिलं होतं, आणि फॉर्मवर नावाचा रकाना होता! नव्या फॉर्मवर नाव नाही, प्रश्न वेगळा: 'गेल्या 14 दिवसांत ताप-खोकला असलेलं कुणी कामावर दिसलं का? ते का आले असावेत?' दुसऱ्याबद्दल विचारलं की माणूस मोकळेपणी लिहितो. मात्र यातून प्रमाण काढू नये. एकाच आजाऱ्याला पाच जण पाहतात.

पुढच्या पंधरवड्यात रजा वाढल्या, तेव्हा उत्पादन विभागाने गैरफायद्याची ओरड केली. मस्टरवरून रजांचे वार मांडले. फसवणूक असती तर त्या साप्ताहिक सुट्टीला चिकटल्या असत्या. त्या सगळ्या आठवड्यात विखुरलेल्या होत्या.

फिटरचं कोडं मात्र सुटलं नाही. फिलिंग मशिन जाणणारा तो एकटाच, म्हणून दोन्ही गटांत त्याची ये-जा. नियमित देखभाल मधल्या रिकाम्या अर्ध्या तासात आणली, पण मशिन बंद पडायची वेळ काही ठरलेली नसते. तेव्हा लाइनवरच्यांनी दूर व्हायचं आणि त्याने एकट्यानेच मशिन उघडायचं, एवढंच ठरलं.