मेथी निवडताना

सातारा, रविवार, १ जून २०२५

मुलाचा दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला, तेव्हापासून आमच्या घरात अकरावीच्या प्रवेशाखेरीज दुसरा विषय नाही. यंदा प्रथमच संपूर्ण राज्यात हा प्रवेश ऑनलाइन होत असून अर्जात जास्तीत जास्त दहा महाविद्यालये पसंतीक्रमाने भरता येतात. मात्र पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथेच प्रवेश घेणे बंधनकारक असल्याने त्या पहिल्या रकान्यावरून आम्हा पती-पत्नींत गेले चार दिवस अबोला आहे. मुलाला वाणिज्य शाखा हवी आहे आणि मला ती मान्य आहे. हिचा आग्रह विज्ञानाचा.

अबोल्याहून वाईट गोष्ट काल माझ्या लक्षात आली. "उद्या अर्ज भरायचा का, आईला विचार," असे मी मुलाला म्हणालो, तेव्हा ही स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. तिनेही उत्तर त्याच्याच हाती पाठवले. तो आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहून मोबाइल उगाच चालू-बंद करत होता. हा हल्ली घरात बोलत नाही, अशी तक्रार आम्ही दोघेही करतो, आणि त्याच्यासमोर आमचे वागणे असे!

आज दुपारी तो मित्राकडे गेला. ही मेथीची जुडी घेऊन बसली, तेव्हा मीही समोर बसलो. गेल्या पंधरवड्यातील पावसाने मुळांना चिखल घट्ट धरला होता. हात कामात आणि नजर खाली असली की अवघड बोलणेही सोपे जाते. मी म्हणालो, "विज्ञानच का, ते मला एकदा नीट सांग. मी मध्ये बोलणार नाही."

ती बराच वेळ नुसती पाने खुडत राहिली. मग म्हणाली, "अहो, मला घ्यायचं होतं सायन्स. दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे एकतीस होते. पण गावात फक्त आर्ट्स होतं आणि रोज एसटीनं साताऱ्याला पाठवायला आण्णा तयार झाले नाहीत."

किराण्याचा सगळा हिशेब ही तोंडी करते, याचे मी चारचौघांत नेहमी कौतुक करतो. पण अठरा वर्षांच्या संसारात हे कधी विचारले नव्हते. "वाणिज्यातही गणित असते" हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते, ते मी कष्टाने गिळले. नंतर मीही मनातले सांगितले. विज्ञान घेतले की प्रवेश परीक्षांची शिकवणी आली, तिची फी आपल्याला झेपेल का, ही धास्ती मी मुलाच्या आवडीआड लपवत होतो. ती म्हणाली, "मग हे आधीच सांगायचं ना."

पहिला रकाना अजून रिकामाच आहे. त्याच्यासमोर एकमेकांचे म्हणणे खोडायचे नाही आणि रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास आपण दोघांनीच बसायचे, एवढे मात्र ठरले.

संध्याकाळी तो परतला तेव्हा ही त्याला म्हणाली, "जेवण झालं की बस, आम्हा दोघांना तुझं ऐकायचंय." तो सवयीने माझ्याकडे वळला, माझा निरोप तिच्याकडे न्यायचा आहे, असे त्याला वाटले असावे.

"आईशी बोललोय मी," मी म्हणालो.