पगार किती? : क्लिनिकल सायकॉलॉजीच्या वाटेवरचा माझा अनुभव

मी इंग्लंडमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट करतेय, शेवटचं वर्ष चालू आहे. इथल्या मराठी घरांतून हल्ली वरचेवर फोन येतात. मुलीला सायकॉलॉजी घ्यायचंय, पुढे काय असतं, तू कशी गेलीस? फोनवर सांगताना नेहमी अर्धं राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे, पैशासकट. पैशाबद्दल मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं आणि माझं घोडं अडलं होतं ते तिथेच.

आम्ही मूळचे मिरजेचे. आई नर्स. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, भारतातून नर्सेस घेत होती त्या काळात, २००३ साली, ती लेस्टरला आली. वर्षभराने पप्पा आणि मी. मी तेव्हा सात वर्षांची. पप्पा मिरजेत टर्नर होते, इथे सँडविचच्या कारखान्यात पट्ट्यावर उभे राहिले. शाळेत मी इंग्रजी लवकर शिकले आणि मग ओळखीच्या सगळ्यांची दुभाषी झाले. बँकेत, कौन्सिलच्या ऑफिसात, दवाखान्यात.

२०१८ ला सायकॉलॉजीची पदवी झाली. इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. पदवीला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता हवी, तरच ‘जीबीसी’ नावाची पात्रता मिळते आणि तिच्याशिवाय डॉक्टरेटचा अर्जच करता येत नाही. भारतातून पदवी घेऊन आलेल्यांना सोसायटीकडून ती तपासून घ्यावी लागते आणि बऱ्याचदा वर्षाचा कन्व्हर्जन कोर्स करावा लागतो. माझी पदवी इथलीच, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

डॉक्टरेट तीन वर्षांची. इंग्लंडमध्ये तिची फी एनएचएस भरते, वर सहाव्या बँडचा (बँड म्हणजे एनएचएसची पगारश्रेणी) पगार मिळतो, कारण शिकतानाच तुम्ही नोकरीत असता. इतकी चांगली सोय असल्यावर गर्दी होणारच. देशभरचे बहुतेक अर्ज लीड्सच्या क्लिअरिंग हाऊस या एकाच संस्थेतून जातात. मी धडपडत होते त्या वर्षांत चार हजारांच्या वर अर्ज आणि हजाराच्या आतबाहेर जागा असं चित्र होतं. मग निवड कशावर? अनुभवावर. आणि अनुभव म्हणजे मुख्यतः असिस्टंट सायकॉलॉजिस्टची नोकरी. ती जाहिरात सकाळी लागते आणि ठरलेल्या संख्येइतके अर्ज आले की दुपारपर्यंत बंद होते. मी केअर होममध्ये रात्रपाळी करत होते. सकाळी आठला सुटून घरी येऊन झोपायचे, उठून बघावं तर जाहिरात गेलेली.

२०१९ मध्ये एका ठिकाणाहून होकार आला. ऑनररी असिस्टंट सायकॉलॉजिस्ट, आठवड्याला दोन दिवस, एक वर्ष. मी उड्या मारत स्वयंपाकघरात गेले. आई नुकतीच रात्रपाळी करून आलेली, युनिफॉर्मवरच चहात खारी बुडवत होती.

“पगार किती?”

“पगार नाही गं. अनुभव मिळतो.”

“मग त्या दोन दिवसांचं घरभाडं कोण देणार?”

ती टोचून बोलत नव्हती, तिचा खरोखर हिशेब चालला होता. पप्पांची कंबर धरल्यामुळे त्यांचे तास कमी झाले होते. मी गॅसबिलाच्या पाकिटामागे आकडे मांडले, दोन रात्री कमी करून बघितल्या, मग एक करून बघितली. कुठूनच बसेना. तिसऱ्या दिवशी नकाराचा ईमेल पाठवला. ती जागा जिने घेतली ती पुढे माझ्या आधी डॉक्टरेटला लागली. हुशार आहे, मनापासून काम करते, तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण तिचं भाडं घरचे भरत होते. ऑनररी म्हणजे मानद. शब्द मोठा आहे, पण तो मान वर्षभर फुकट राबायची ऐपत असणाऱ्यालाच परवडतो. या पेशात बहुतेक चेहरे गोरे का, याची चर्चा इथे वर्षानुवर्षं चालली आहे. पेशंटांमध्ये आमच्यासारखे चेहरे भरपूर, खुर्चीच्या पलीकडे मात्र क्वचित. त्या चर्चेत मला नेहमी ते पाकीट आठवतं. माणसं मुलाखतीत गळायच्या कितीतरी आधी तिथे गळतात.

मग २०२० आलं. जूनअखेर बाकी देशात टाळेबंदी सैल होत असताना लेस्टरवर ती तशीच आवळून ठेवली. केअर होममधल्या त्या रात्रींबद्दल इथे लिहीत नाही. ते वेगळं लिहायला हवं.

त्याच सुमारास हेल्थ एज्युकेशन इंग्लंड या आरोग्य-प्रशिक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेने डॉक्टरेटच्या कोर्सेसना खास निधी दिला. कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्य वंशगटांतली मुलं या पेशात यावीत यासाठी. कुठे मार्गदर्शक नेमले, कुठे प्रवेशाच्या पद्धती बदलल्या, कुठे पगारी इंटर्नशिप निघाल्या. २०२१ च्या वसंतात अशी एक जाहिरात सोबत काम करणाऱ्या मुलीने मला व्हॉट्सॲपवर पाठवली. सहा महिने, आठवड्याला तीन दिवस, चौथा बँड. पूर्णवेळ धरला तर वर्षाला साधारण २२ हजार पौंडांचा दर. सायकॉलॉजिस्टच्या हाताखाली आधी काम केलेलं नसलं तरी चालेल, असं स्पष्ट लिहिलं होतं. ती ओळ मी परत परत वाचली.

अर्जात तीन प्रश्न होते. मी आधीच्या अर्जांसारखीच छापील उत्तरं लिहिली, जड शब्द पेरले. कॉलेजच्या एका जुन्या मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “हे कुणीही लिहील. यात तू कुठे आहेस?” मग मी बारा वर्षांची असतानाचा एक प्रसंग लिहिला. शेजारच्या काकूंबरोबर मी डॉक्टरकडे गेले होते. काकू म्हणाल्या, “जीव घाबरा होतो.” मी सांगितलं, “शी इज स्केअर्ड.” डॉक्टरांनी विचारलं, कशाला घाबरतात त्या? मी काकूंना विचारलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्या कशालाच घाबरत नव्हत्या. छातीत कालवाकालव, श्वास अपुरा, अंगातलं बळ गेल्यासारखं, हे सगळं त्या दोन शब्दांत होतं आणि मी ते वाटेत सांडलं. दहा मिनिटं संपली, आम्ही घरी आलो. पुढे कित्येक वर्षं मला वाटायचं, चूक माझी. अर्जात मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि मुलाखतीला बोलावलं गेलं. मुलाखत घेणाऱ्या तिघांत एक जण स्वतः मानसिक आरोग्याची सेवा घेतलेली व्यक्ती होती. काकूंचं पुढे काय झालं, हे तिनेच विचारलं.

निवड झाल्यावर केअर होममधली एक जण म्हणाली, “तुझं बरंय, रंगावर मिळालं.” ते मला फार लागलं. घरी येऊन पप्पांना सांगितलं. पप्पांनी सांगलीत आयटीआय राखीव जागेतून केलेलं. वर्कशॉपमध्ये त्यांना नावाने कमी आणि ‘कोट्यातला’ म्हणून जास्त हाक मारायचे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. म्हणाले, “लेथवर माझा जॉब सगळ्यात साफ यायचा. तरी म्हणायचेच. तू सोमवारी वेळेत जा.” आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

कायद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपल्याकडे त्यांची गल्लत होते, म्हणून सांगते. भारतात जागा राखीव असतात. इथे तसा कोटा ठेवता येत नाही. २०१० च्या इक्वॉलिटी ॲक्टमध्ये ‘पॉझिटिव्ह ॲक्शन’ची तरतूद आहे. ज्या गटातली माणसं एखाद्या क्षेत्रात फारच कमी आहेत त्यांच्यासाठी प्रशिक्षण, मार्गदर्शन, अशी इंटर्नशिप देता येते. डॉक्टरेटची जागा मात्र सगळ्यांच्या रांगेतच उभं राहून मिळवायची. म्हणजे मला मिळाली ती खुर्ची नव्हती, खुर्चीपर्यंत जायचं बसभाडं होतं.

माझी नेमणूक वृद्धांच्या मेमरी क्लिनिकमध्ये झाली, म्हणजे स्मरणशक्ती तपासतात तिथे. आठवड्याला एक तास सुपरव्हिजन, महिन्याला आम्हा इंटर्न्सची बैठक. पहिल्याच आठवड्यात सुपरव्हायझरने एक गोष्ट बजावली. पेशंट मराठी, हिंदी कुठल्याही भाषेतला असो, दुभाषा रीतसर बोलावला जाईल. “तू इथे शिकायला आली आहेस. तुझी भाषा आम्ही फुकटात वापरणार नाही.” सात वर्षांची असल्यापासून मी हे काम करत आलेय, पण त्याला काम म्हणणारी ती पहिली.

एक आजी आल्या होत्या, मुलाकडे राहायला आलेल्या. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. शाळेत कधी गेलेल्या नाहीत, गळ्यात तुळशीची माळ. आधी दुसरीकडे त्यांची एक चाचणी झाली होती, हिंदी दुभाष्याला फोनवर घेऊन. त्यात चित्रं ओळखायची होती. कांगारू, नांगर टाकून जहाज थांबवतात तो लोखंडी आकडा, हार्प नावाचं वाद्य. आजींना गुण अगदीच कमी पडले होते. आमच्याकडे ‘रुडास’ वापरली. अनेक भाषांच्या वस्तीत काम करताना सिडनीच्या मंडळींनी तयार केलेली ही चाचणी, २००४ ची, तीस गुणांची. शाळा आणि भाषा यांचा अडसर तीत कमी येतो. या वेळी दुभाषीबाई मराठी होत्या, समोर बसलेल्या.

त्यात बाजाराची छोटी यादी लक्षात ठेवायची असते. चहा, तेल, अंडी, साबण. मध्ये दुसरी कामं करून मग यादी विचारतात. आजींनी बोटं मोडत सांगितलं, “चहा. तेल. साबण.” आणि थांबल्या. सुपरव्हायझरने वाट बघितली. आजी दुभाषीबाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, “आणि ते एक. ते मी नाही आणायची बाई, माळ आहे.”

दुभाषीबाईंनी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला, तरी सुपरव्हायझरला ‘माळ आहे’ म्हणजे काय ते कळेना. तिने माझ्याकडे बघितलं. वारकऱ्यांची माळ, अंडं-मांस वर्ज्य, तो शब्द तोंडावर आणायचाही संकोच, हे मी तिला आजी गेल्यावर सांगितलं. आजी विसरल्या नव्हत्या. त्यांना पक्कं आठवत होतं. त्या दोन गुणांचं काय करायचं यावर आम्ही पाऊण तास बोललो आणि अहवालात आजींचं वाक्य शब्दशः गेलं, खाली खुलाशासकट. पुढे निदान काय झालं ते मी इथे सांगणार नाही. पण त्या दिवशी काकूंच्या दहा मिनिटांचं ओझं माझ्या डोक्यावरून थोडं उतरलं.

इंटर्न्सच्या बैठकीबद्दलही सांगायला हवं. आम्ही सहा जण होतो. सोमाली, बांगलादेशी, नायजेरियन, जमैकन घरांतली मुलं. एकाच रकान्यात बसवलेले, पण एकमेकांसारखे अजिबात नाही. एका मुलाच्या भावाला पोलिसांनी धरून इस्पितळात नेलं होतं, मेंटल हेल्थ ॲक्टखाली. या कायद्याखाली कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या चौपटीहून जास्त प्रमाणात डांबलं जात होतं, हे तेव्हाच्या सरकारी आकडेवारीतच होतं. मी तो आकडा पाठ केलेला होता. तो मुलगा त्याबद्दल बोलत असताना मी वही मिटून ठेवली.

सहा महिने संपले. इंटर्नशिपचा दाखला हातात आल्यावर असिस्टंटची पगारी नोकरी तिसऱ्या प्रयत्नात मिळाली. डॉक्टरेटचा पहिला अर्ज मी २०२१ च्या नोव्हेंबरात केला, तेव्हा चार कोर्स निवडता यायचे. चारही ठिकाणी नकार. अर्ज करणाऱ्यांनी हे धरूनच चालावं, बहुतेकांना दोन-तीन वर्षं लागतात. मी अर्ज केला तेव्हा शिफारशी दोन लागायच्या, एक कॉलेजची आणि एक कामाच्या ठिकाणची, आणि कॉलेजच्या शिक्षकांशी संपर्क तुटला तर ती मिळवणं फार जड जातं. तेवढा तरी सांभाळा. पुढच्या वर्षी दोन मुलाखती आल्या. एकीत नाव प्रतीक्षायादीत गेलं आणि २०२३ च्या जूनमध्ये फोन आला.

आई रात्रपाळीहून येत होती. मी दारातच उभी होते. सांगितलं, लागले. तिने बॅग खाली ठेवली, बूट काढले.

“पगार किती?”

“सहावा बँड. ३५,३९२.”

ही बँडपद्धत २००४ ला आली तेव्हापासून आई पाचव्या बँडवर आहे. त्या वर्षीच्या तक्त्यात पाचव्याचं सगळ्यात वरचं टोक होतं ३४,५८१. रात्रपाळीचा भत्ता वेगळा, पण मूळ पगार तेवढाच. सहाव्यासाठी तिने चारदा अर्ज केला होता. तिला आकडा पाठ होता, मला सांगावं लागलं नाही.

“म्हणजे माझ्या वर,” ती म्हणाली. मग माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिच्या हातांना वॉर्डातल्या सॅनिटायझरचा वास येत होता. “चहा टाक. आणि पप्पांना उठव.”