राजकोटचं राजकुमार कॉलेज, गेटच्या अलीकडून

मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, बँकेच्या बदलीने राजकोटला गेला तेव्हापासून वहिनी फोनवर "या ना, या ना" करत होती, शेवटी दिवाळीनंतर सौराष्ट्र मेलची तिकिटं काढलीच. आम्ही खेतवाडीतले, मुंबई सेंट्रल टॅक्सीने हाकेच्या अंतरावर, त्यामुळे रात्री जेवूनखाऊन आरामात निघालो आणि सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर कापसाची शेतं.

लोक राजकोटला उतरतात ते पुढे द्वारका, सोमनाथ, गीर करायला. मला मात्र राजकुमार कॉलेज बघायचं होतं, इंग्रजांच्या काळात राजपुत्रांसाठी निघालेली शाळा. त्याचं असं की ६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले ते आमच्याच खेतवाडीत, पन्हाळा लॉजमध्ये, आणि आजोबांनी हे लहानपणी इतक्यांदा सांगितलंय की महाराज आमच्या ओळखीतलेच वाटायचे. पण ते शाळेला राजकोटला, याच कॉलेजात होते म्हटलं की गाडी अडायची. कोल्हापूरच्या राजाला एवढ्या लांब काठेवाडात, म्हणजे आजच्या सौराष्ट्रात, कशाला धाडायचं?

उत्तर सगळं इंग्रजांच्या हिशोबात आहे. सत्तावन्नच्या दणक्यानंतर त्यांनी संस्थानं खालसा करणं बंद केलं, राजे राहू देत पण आपल्या हाताखाली तयार झालेले राहू देत, असं धोरण. काठेवाडचे पोलिटिकल एजंट, म्हणजे इंग्रज सरकारचे तिथले प्रतिनिधी, कर्नल कीटिंग यांनी कल्पना काढली, पैसे काठेवाडच्या संस्थानिकांनी घातले, १८६८ ला पायाभरणी झाली आणि डिसेंबर १८७० मध्ये उद्घाटन केलं मुंबईचे गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेरल्ड यांनी. कारण काठेवाडही तेव्हा मुंबई सरकारच्या देखरेखीखाली आणि कोल्हापूरही. म्हणजे राजकोट लांब आपल्याला वाटतं, साहेबाच्या टेबलावर दोन्ही फायली शेजारीशेजारी!

याच छापाची कॉलेजं मग बाकी ठिकाणी निघाली, अजमेरचं मेयो, इंदूरचं डेली, लाहोरचं एचिसन. थाटामाटात मेयोचा नंबर पहिला. तिथे संस्थानांनी आपापल्या पोरांसाठी स्वतंत्र हाऊसच बांधून दिली, जयपूर हाऊस, जोधपूर हाऊस वगैरे, आणि समारंभाला अचकन नि साफा ही पद्धत अजून आहे. मेयोची ती पांढरी शुभ्र मेन बिल्डिंग ज्या मेजर मँटची, त्यानेच कोल्हापूरचा न्यू पॅलेस डिझाइन केला, हे कळल्यापासून मला दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघायचा नादच लागलाय.

असो, राजकोट. रिक्षावाल्याला "आर के सी" म्हटलं की पुरतं, पूर्ण नाव कोणी घेतच नाही. गेटवरच्या काकांनी हसून पण ठामपणे सांगितलं की शाळा चालू आहे, आत जाता येणार नाही. पटलं मला, आत पोरं शिकतायत, कुणीही उठावं आणि मोबाईल काढून शिरावं हे बरोबर नाहीच. मग बाहेरूनच झाडी आणि त्यामागची जुनी बिल्डिंग जेवढी दिसली तेवढी बघितली. दादा म्हणाला, "एवढ्यासाठी आलीस?" आणि भाचा कंटाळून फुटपाथवर बसला.

पण त्याला रणजीचं नाव सांगितलं तसा ताडकन उठला. कारण रणजितसिंहजी इथलेच. पहिले प्रिन्सिपल चेस्टर मॅकनॉटन केंब्रिजचे, पंचवीसेक वर्षं त्यांनी हे कॉलेज चालवलं, आणि त्यांच्या दृष्टीने क्रिकेट म्हणजे शिक्षणाचाच भाग होता. त्यातून निघालेला हा पोरगा १८८८ ला त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेला, आणि १८९६ ला मँचेस्टरला इंग्लंडकडून पहिल्याच टेस्टमध्ये नाबाद १५४. ज्याच्या नावाची ट्रॉफी आपल्या मुंबईने २०२४ मध्ये बेचाळिसाव्यांदा आणली, तो हाच!

आणि आता खरी गंमत. शाहू महाराज इथे आले १८८५ मध्ये, वय अकरा, सोबत धाकटे भाऊ बापूसाहेब. पुढच्याच वर्षी जन्मदाते वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे, वारले. आईचं छत्र तर आधीच गेलेलं, त्यात हे परकं गाव, मला त्या पोराचं फार वाटतं. भावनगरच्या भावसिंहजींशी झालेली मैत्री मात्र जन्मभर टिकली. तेव्हा रणजी याच कॉलेजात होते आणि त्याच गावात, काठियावाड हायस्कूलमध्ये, मोहनदास करमचंद गांधी नावाचा एक बुजरा मुलगा शिकत होता. तिघं एकाच गावात एकाच वेळी!

भाच्याने लगेच विचारलं, "मग गांधीजी रणजीच्या टीममध्ये का नव्हते?" अरे बाबा, त्यांचे वडील राजकोटचे दिवाण होते, राजे नव्हते. राजकुमार कॉलेज राजघराण्यातल्या मुलांसाठी, राज्य चालवणाऱ्याच्या मुलाला तिथे जागा नाही. शिवाय हेडमास्तर दोराबजी गिमींनी क्रिकेट सक्तीचं केलं तेव्हा गांधीजींना ते बिलकूल आवडलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

दुपारी गांधीजींची ती शाळाही बघितली, काठियावाड हायस्कूलचंच पुढे आल्फ्रेड हायस्कूल झालं, आता तिथे महात्मा गांधी म्युझियम आहे. इथे तिकीट काढून कुणीही आत जाऊ शकतं, वर्गांमधून फिरता येतं, वेळ ठेवून जा.

रात्री कढी-खिचडी खाताना दादाशी वाजलंच. तो म्हणे बघ, अशा शाळेत गेले म्हणून शाहू महाराज घडले. मला हे अर्धंच पटतं. तिथल्या इंग्रजीचा, शिस्तीचा उपयोग झाला असेलच, पण ज्या पोराने फक्त राजपुत्रांसाठीचं होस्टेल अनुभवलं त्याने गादीवर आल्यावर केलं काय, तर कोल्हापुरात होस्टेलांची रांग लावली. १९०१ ला मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, १९०६ ला मोहमेडन, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला-जेवायला सोय नसेल तर शाळा फुकट करून उपयोग नाही, हे त्यांना कळलेलं होतं, आणि ते कुठल्या मॅकनॉटनने शिकवलं असेल असं मला वाटत नाही. दादा म्हणाला घर सोडून होस्टेलला राहिल्याशिवाय हे सुचतं का? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आणखी कढी वाढून घेतली.

भाच्याला आता अजमेर बघायचंय. मी म्हटलं अजमेर नंतर, आधी कोल्हापूर, दसरा चौकात उभं राहिलं की त्यातली दोन बोर्डिंगं दिसतात आणि तिथे कुणी गेटवर अडवत नाही. वहिनी म्हणाली मिसळ असेल तर मीपण येते.