हातचा घेणारे चाक

बेरजेचे यंत्र म्हटले की आकडे कोरलेली चाके डोळ्यांपुढे येतात. मला मात्र खरी करामत हातच्यात दिसते. जर्मन प्राध्यापक विल्हेल्म शिकार्डने १६२३ साली खगोलशास्त्रज्ञ केप्लरला पत्रातून कळवलेल्या यंत्रात एकच दात पुढचे चाक ढकलत असे, त्यामुळे ९९९ मध्ये १ मिळवताना सगळा भार पहिल्या चाकावर येई. फ्रान्समधल्या रुआँ शहरात करांचे हिशेब सांभाळणाऱ्या वडिलांसाठी गणितज्ञ ब्लेझ पास्कालने १६४२ मध्ये यंत्र बनवायला घेतले आणि ही अडचण चक्क गुरुत्वाकर्षणावर सोपवली: चाक फिरताना एक वजन हळूहळू उचलले जाई आणि ९ वरून ० येताच ते पडून पुढचे चाक एका घराने सरकवी. चाके उलटी मात्र फिरत नसत. म्हणून वजाबाकीही नवाच्या पूरक संख्या (प्रत्येक अंक ९ मधून वजा करून मिळणाऱ्या) वापरून बेरजेनेच करावी लागे, आणि ही पळवाट मला मूळ यंत्राइतकीच आवडते.