उकळलेलं कॉर्नफ्लोअर

माझ्या या पेशंट मुलीला सगळं माहीत होतं, हेच डोक्यातून जात नाही.

आजार ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज, प्रकार १-अ. यकृतात साखर साठते, पण ती रक्तात सोडणारं एन्झाइम जन्मापासून नाही. खाऊन तीन-चार तास झाले की रक्तातली साखर कोसळते, लॅक्टिक ॲसिड चढतं. १९८४ पासून यावर एक साधा उपाय चालत आलाय: कॉर्नफ्लोअर, तेही कच्चंच. कच्चं असलं की ते सावकाश पचतं आणि तासन् तास थोडी थोडी साखर मिळत राहते. शिजवलं की झटक्यात पचून जातं आणि पहाटे पोरगी घामाघूम. मक्याचं पिवळं पीठ चालत नाही, चमच्याचं माप चालत नाही. तिचा डोस काट्यावर मोजून ८० ग्रॅम, गार पाण्यात गाठी मोडायच्या आणि तळाशी बसायच्या आत पिऊन टाकायचं. साखर, गूळ, फळं, दूध यांच्यावर बंधन.

तिचं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. घरात आजार ठाऊक, म्हणून आम्ही निर्धास्त. श्रावण संपता संपता ती आणि आत्या ओपीडीत आल्या, तर वहीत पहाटेच्या साखरेचे आकडे ४५, ५१, ४८, फारच खाली.

"कच्चं पीठ पोटात दुखेल पोरीच्या, म्हणून मी पेज करून देते. वर खडीसाखर," आत्या मायेनं सांगत होत्या.

मी मुलीला विचारलं, शिजवल्यावर काय होतं? तिनं बिनचूक सांगितलं. मग पितेस कशाला?

"आत्या रात्री दोनला उठून करते, मॅडम. नको कसं म्हणू?"

याची तयारी आम्ही कधी करून घेतलीच नाही. बालरोग विभागात आईला समोर बसवून शिकवायचं, मुलगी मोठी झाली की फाइल मोठ्यांच्या विभागाकडे. तिथल्या कित्येकांनी हा आजार पाहिलेलाही नसतो. तिच्या सासरच्या स्वयंपाकघराचा विचार कोणाच्याच कामात बसत नाही, याचा मला संताप येतो.

आत्यांना वही उघडून दाखवली. लग्नाआधीचे पहाटेचे आकडे, आणि हे. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे हे औषध आहे. औषध कोण उकळतं?" मग हरतालिकेचं त्यांनीच काढलं. निर्जळी उपवास हिच्या जिवावर बेतेल, मी स्पष्ट सांगितलं. "पूजा करेल ती. उपवास मी धरते."

तिला मूल हवंय. साखर काटेकोर सांभाळली तर ते शक्य आहे. पण सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आलं तरच हा आजार होतो; एकच असलं तर माणूस नुसता वाहक, स्वतः आजारी नाही. तिचे वडील वाहक असणारच, म्हणजे त्यांची बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी, नवऱ्याची पाव. तो वाहक निघाला तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी. त्याचं रक्त तपासणीला गेलंय.

निघताना ती एकटीच परत आत आली. "रिपोर्ट आधी मला सांगाल?"

रिपोर्ट नवऱ्याचा आहे, दोघांना एकत्रच सांगावा लागेल, म्हटलं.

"चालेल. पण आत्याला मी सांगणार. तुम्ही नाही."